स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि आरोग्य विमा : मदत हवी आहे (नागपूर)

नमस्कार,

विषय खाजगी आहे, परंतु ओळखीत विचारून पाहिले तेव्हा सहानुभूती भरपूर मिळाली आणि माहिती अजिबात मिळाली नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

मी नागपुरात मनीषनगरला राहते, वय ४१, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग वर्षानुवर्षे दुखतो. फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर धरला की दुसऱ्या तासापर्यंत बोटांना मुंग्या येऊ लागतात. ब्राच्या पट्ट्यांमुळे दोन्ही खांद्यांवर करंगळी बसेल एवढ्या खाचा पडल्या असून त्या आता रात्रभराच्या विश्रांतीनंतरही बुजत नाहीत. त्यातून आपल्याकडचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये स्तनांखालच्या घडीतली कातडी सोलवटते, बुरशीचा संसर्ग होतो, मलमाने तो बसतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत पुन्हा उलटतो. अस्थिरोगतज्ज्ञांनी मानेचा एमआरआय काढला, फिजिओथेरपी झाली; आराम पडतो, टिकत नाही. शेवटी धंतोलीतील एका प्लास्टिक सर्जनांनी तपासून ‘मॅक्रोमॅस्टिया’ (स्तनांची प्रमाणाबाहेर वाढ) असे निदान लिहिले आणि रिडक्शन मॅमोप्लास्टी, म्हणजे आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया, सुचवली. सोनोमॅमोग्राफीत गाठ वगैरे काही आढळलेले नाही.

रुग्णालयाने कॅशलेससाठी पूर्वमंजुरी मागितली. टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेने) एकही जादा कागद न मागता एका ओळीत कळवले की ही कॉस्मेटिक शस्त्रक्रिया असल्यामुळे पॉलिसीत बसत नाही. विमा कंपनीच्या मदतवाहिनीवरील गृहस्थांनी तर ‘मॅडम, आधी वजन कमी करून बघा’ असा सल्लाही देऊन टाकला, जो माझ्या डॉक्टरांपैकी एकानेही दिलेला नाही.

त्यानंतर मी पॉलिसी मुळातून वाचली. कौटुंबिक फ्लोटर (सर्व कुटुंबासाठी एकच सामाईक रक्कम) आहे आणि पाच वर्षांहून अधिक काळ खंड न पडता चालू आहे. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये वगळलेल्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. त्यानुसार माझ्याही पॉलिसीत ‘एक्सक्ल ०८’ हे कलम आहे. त्याचा आशय असा की, रूप बदलण्यासाठी केलेल्या कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना असेल, अथवा विमाधारकाच्या आरोग्याला असलेला थेट आणि तात्काळ धोका दूर करण्यासाठी आवश्यक असलेल्या उपचाराचा ती भाग असेल आणि ही गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केली असेल, तर मिळेल. टीपीएने कलमाचा पूर्वार्ध वाचला आणि उत्तरार्ध सोडून दिला, असे माझे मत आहे.

खरी अडचण मला ‘थेट आणि तात्काळ धोका’ या अटीची वाटते. माझे दुखणे जुनाट आहे. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली नाही म्हणून जिवाला काही होणार नाही. मग हातात उतरणाऱ्या मुंग्या आणि वारंवार फुटणारी, चिघळणारी त्वचा यांच्या जोरावर ही अट पूर्ण होते, असे कोणी यशस्वीपणे मांडले आहे का? प्रमाणपत्र फक्त सर्जनांचे पुरते, की अस्थिरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ यांचेही स्वतंत्र लागते?

इंटरनेटवर शोधले तर बहुतेक माहिती अमेरिकेतली मिळते. तेथील अनेक विमा कंपन्या १९९१ मध्ये मांडला गेलेला श्नूर तक्ता वापरतात, म्हणजे उंची आणि वजनावरून शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढायचे आणि त्या मानाने प्रत्येक बाजूने किती ग्रॅम ऊती काढली जाणार, यावरून गरज वैद्यकीय की नाही हे ठरवायचे. गणिताची शिक्षिका असल्यामुळे मी क्षेत्रफळाचा हिशेब करूनही पाहिला (सेंटिमीटरमधील उंची गुणिले किलोमधील वजन, भागिले ३६००, त्याचे वर्गमूळ), पण आपल्याकडच्या कलमात ग्रॅमचा उल्लेखच नाही. हे आपल्या पथ्यावर पडणारे आहे की विरोधात जाणारे, ते कळत नाही.

शेवटचा आणि सर्वांत निकडीचा प्रश्न : आधी स्वतःच्या पैशाने शस्त्रक्रिया करून नंतर प्रतिपूर्तीचा दावा करावा, की हा नकार रद्द होईपर्यंत थांबावे? दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली तर महाविद्यालयातून फार रजा घ्यावी लागणार नाही.

एका परिचितांनी ‘कागदावर गाठ दाखवून टाका, लगेच मंजूर होईल’ असे सुचवले. ते मी करणार नाही. कृपया त्या दिशेने सल्ला देऊ नये.

प्रतिसाद १

ताई, मी काही वर्षे दाव्यांच्या छाननीचे काम केले आहे, त्या आधारावर लिहितो.

गाठ दाखवण्याचा सल्ला झिडकारलात ते उत्तम. काढलेली ऊती हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीला) जाते आणि अहवालात जे असेल तेच येते. खोटेपणा उघड झाला तर हा दावा जातोच, शिवाय पॉलिसीही रद्द होऊ शकते.

पूर्वमंजुरी नाकारली म्हणजे दावा नाकारला असे नव्हे. प्रतिपूर्तीचा दावा तुम्ही नंतरही करू शकता. तरीही तुमच्या जागी मी असतो तर आधी लेखी भांडलो असतो, कारण शस्त्रक्रियेपूर्वी झालेला पत्रव्यवहार पुढे प्रत्येक पायरीवर उपयोगी पडतो. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय दावा फेटाळता येत नाही, आणि फेटाळताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा संदर्भ द्यावा लागतो. टीपीएच्या एका ओळीला उत्तर म्हणून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, ‘एक्सक्ल ०८’ चा उत्तरार्ध जसाच्या तसा उद्धृत करा आणि तो का लागू नाही, याचे लेखी कारण मागा. वजनाचा मुद्दा कोणी पुन्हा काढलाच तर तोही लेखी मागा. लठ्ठपणाचे कलम वेगळे आहे, ‘एक्सक्ल ०६’, आणि ते लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेबद्दल आहे.

‘तात्काळ’ या अटीवर कंपनी अडून बसेल, ही तुमची भीती रास्त आहे. तेथे नुसते ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ असे दोन शब्दांचे प्रमाणपत्र टिकत नाही. सर्जनांनी लिहावे की कोणता त्रास आहे, तपासणीत काय दिसले, कोणते उपचार किती काळ करून उपयोग झाला नाही आणि शस्त्रक्रिया न केल्यास नेमके काय बिघडेल. निदानासोबत आयसीडी-१० चा (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीचा) संकेतांक एन६२ असावा. मुंग्यांबद्दल अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोलॉजिस्ट आणि संसर्गाबद्दल त्वचारोगतज्ज्ञ यांची स्वतंत्र पत्रे जोडा. मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) ओपीडीत दाखवून घेतलेला शासकीय केसपेपर असला तर फारच चांगले. ग्रॅमचा आकडा कलमात नसला तरी ऑपरेशन नोटमध्ये दोन्ही बाजूंच्या ऊतीचे वजन नोंदवायला सांगा, कारण ‘फक्त रूपासाठी’ या आक्षेपाला त्याहून सरळ उत्तर नाही.

आणखी एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष जात नाही. केसपेपरवर ‘दहा वर्षांपासून त्रास’ असे लिहिले गेले की कंपनी लगेच ‘आधीपासूनचा आजार लपवला’ म्हणते. तुमची पॉलिसी सलग ६० महिने पूर्ण करून पुढे गेली आहे, त्यामुळे फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येणार नाही. मात्र मधल्या काळात विम्याची रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेचे ६० महिने वेगळे मोजले जातात, हे तपासून घ्या.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात पुढच्या पायऱ्या राहिल्या आहेत, म्हणून भर घालते. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा समाधानकारक दिले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. नागपूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येते. अर्जाला शुल्क नाही, वकील चालत नाही, भरपाईची मर्यादा ५० लाखांची आहे आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरची तक्रार आणि लोकपालांकडचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणजे दुसरी झाली, असे समजू नये. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, पण तेथे तारखा लांबतात, म्हणून मी तो शेवटी ठेवीन.

रक्कम मंजूर झाली तरी पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा आहे का, ते आधीच पाहा. मर्यादेबाहेरची खोली घेतली तर इतर खर्चही त्याच प्रमाणात कापून मिळू शकतो. ताई, सर्जनांना बाळंतपण आणि स्तनपानाविषयीचे प्रश्नही विचारून घ्या. ते विम्याचे नाहीत, तरी महत्त्वाचे आहेत.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. विम्याची रक्कम मधे वाढवलेली नाही, पॉलिसी काढून तपासले. तक्रार निवारण अधिकाऱ्यांना उद्याच ईमेल पाठवते आणि सर्जनांकडून सविस्तर पत्र मागून घेते. शस्त्रक्रियेची तारीख मात्र हलवणार नाही. कॅशलेस नाही मिळाले तर बचतीतून करून प्रतिपूर्ती मागेन. कोणाकडे अशा पत्राचा नमुना असेल, अर्थात नाव-गाव काढून टाकलेला, तर कृपया व्यक्तिगत निरोपातून पाठवावा. लोकपालांपुढील सुनावणी नागपुरात बसून ऑनलाइन करता येते का, हेही कोणी सांगू शकेल का?