रिसेल फ्लॅट घेताना स्वतःचा वकील लावावा का? (पुणे, बजेट १५ हजार)

कर्वेनगरकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. कर्वेनगरात २ बीएचके रिसेल फ्लॅट पसंत पडलाय. बिल्डिंग १९९८ची, सौदा ७२ लाखांवर आलाय, टोकन अजून दिलेलं नाही. मूळ मालक वारले, आता मुलगा विकतोय. वडिलांनी त्याला नॉमिनी केलं होतं, त्यामुळे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव चढलेलं आहे. एजंट म्हणतो, "वकील आपलाच आहे, ड्राफ्टपासून रजिस्ट्रेशनपर्यंत सगळं तो बघेल." लोन घेणार असल्यामुळे बँकेचा वकीलही कागद तपासेलच. मग तिसरा वकील कशाला? लावायचाच तर त्याला नेमकं काय बघायला सांगायचं? बजेट फार तर १५ हजार. कोणी माहितीतला असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

घाटमाथा
१५ हजारांत कसला वकील येतोय! मी बाणेरला घेतला तेव्हा डेक्कनवरच्या एका मोठ्या फर्मला ६० हजार मोजले. पण काम बघा, ३० वर्षांचा सर्च (जुन्या नोंदींची तपासणी) आणि बाइंड केलेला टायटल (मालकीचा) रिपोर्ट. झोप शांत लागते. ७२ लाख टाकताय आणि इथे काय घासाघीस करताय?

मोगरा
@घाटमाथा, त्यांनी बजेट लिहिलंय हो.
कर्वेनगरकर, फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घ्या. पुण्यात स्टँप ड्यूटी सगळं धरून ७ टक्के आहे, बाईला १ टक्का सवलत. तुमचे सरळ ७२ हजार वाचतात. त्यात वकिलाची फी निघून वर फ्रिज येईल. दोघांच्या नावावर घेतला तर सवलत नाही. आमच्याकडे यावरून महाभारत झालं होतं, पण मी ऐकलं नाही.

डोंबिवली फास्ट लोकल
ते ७२ हजार टीडीएसचे ना? ५० लाखांच्या वर १ टक्का कापावा लागतो.

मोगरा
नाही हो, ते वेगळे ७२ हजार. टीडीएस विकणाऱ्याच्या पैशातून कापून आपण सरकारला भरायचा. ही स्टँप ड्यूटी. आकडा सारखा आला इतकंच.

कागदीघोडा
मी वकील नाही, पण बरीच वर्षं एका वकिलाच्या ऑफिसात सर्चचं काम केलंय. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. कर्ज थकलं तर फ्लॅट विकून पैसे वसूल होतील का, एवढाच त्याचा प्रश्न. रिपोर्ट बँकेच्या नावाने असतो, तुमच्या हातात बहुतेक वेळा पडतही नाही. एजंटचा वकील एजंटकडून येणाऱ्या पुढच्या दहा कामांकडे बघून तुमच्या कामात खोड काढणार नाही. तो वाईट माणूस असेलच असं नाही, पण सौदा मोडून त्याचा फायदा काय?

दुसरं, तुम्ही नॉमिनीचं जाता जाता लिहिलंय, पण सगळं तिथेच आहे. सोसायटीच्या दृष्टीने नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, मालकी मात्र वारसांची राहते. सुप्रीम कोर्टाने २०१६ साली हेच सांगितलं: सोसायटीने शेअर्स नॉमिनीच्या नावावर चढवावेत, तरीही वारसांचे हक्क शाबूत. मृत्युपत्र आहे का? आई आहेत का? बहीण-भाऊ? हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

कर्वेनगरकर
आई नाहीत. मृत्युपत्र नाही असं तो म्हणतो. बहीण आहे, अमेरिकेत. "तिचं काही म्हणणं नाही" असं एजंट म्हणाला.

न्यूजर्सीची आत्या
"काही म्हणणं नाही" हे वाक्य आमच्या घरात माझ्या वतीनेही कुणीतरी बोललं होतं. मला कळलं वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीवरून, तीही मैत्रिणीने फोटो काढून पाठवली म्हणून. मग मी हरकत घेतली आणि सौदा वर्षभर लटकला. घेणाऱ्याचा काही दोष नव्हता, बिचारा भाड्याच्या घरात राहून हप्ते भरत होता.

कागदीघोडा
घ्या, आत्यांनीच सांगितलं. बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. तिला येणं शक्य नसेल तर तिकडून भावाव्यतिरिक्त कुणाला तरी पॉवर ऑफ अॅटर्नी. ती तिथे रीतसर साक्षांकित करून घ्यायची आणि भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक भरायचा. हक्क न सोडता ती विक्रेती म्हणून सही करणार असेल, तर तिच्या हिश्श्याला ते १ टक्का टीडीएसचं गणित लागू नाही. अनिवासी विक्रेत्याचा टीडीएस बराच जास्त असतो आणि न कापल्यास आयकरवाले तुम्हाला धरतात. आधी सीएला विचारा.

सोसायटी सेक्रेटरी (माजी)
सोसायटीची एनओसी पहिल्यांदा घ्या, बाकी सगळं नंतर.

घाटमाथा
एनओसी लागतच नाही. आदर्श उपविधी (सोसायट्यांची नमुना नियमावली) वाचा.

सोसायटी सेक्रेटरी (माजी)
लागत नाही हे मलाही माहीत आहे. बँकेला सांगा ते! एनओसीशिवाय लोनची फाइल हलत नाही. आणि आम्ही काही फुकट एनओसी देत नव्हतो, मेंटेनन्सची बाकी वसूल करायची तीच एक वेळ असते.

डोंबिवली फास्ट लोकल
आमच्याकडे ट्रान्सफरचे २ लाख मागितले. "डोनेशन" म्हणे.

कागदीघोडा
महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही. २००१चं परिपत्रक आहे, झेरॉक्स काढून कमिटीपुढे ठेवा. "ऐच्छिक देणगी" म्हणाले तर ऐच्छिक आहे ना, असं विचारा.

मोगरा
मी आधीच सांगितलंय, बायकोच्या नावावर घ्या.

पेठी पुणेकर
वकिलाला ३० वर्षांच्या सर्चचे पैसे देण्याआधी नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करा. फुकट आहे. गाव, वर्ष, मिळकत क्रमांक टाकायचा, सूची २ (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) निघते. बँकेकडे गहाणखताची नोंद झाली असेल तर तीही दिसते. साइट मधेच झोपते, पहाटे बसा. कॅप्चा चार वेळा चुकला तरी धीर सोडू नका. बिल्डरपासून आजपर्यंतचे सगळे मूळ करारनामे मागा, भोगवटा पत्र (बिल्डिंग राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) बघा, सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालंय का विचारा. १९९८च्या बिल्डिंगा रीडेव्हलपमेंटच्या वाटेवर आहेत, तेव्हा हेच आडवं येतं. एवढं स्वतः करून वकिलाकडे गेलात तर फक्त ड्राफ्ट तपासणं आणि जाहीर नोटीस उरते. ते तुमच्या बजेटमध्ये बसेल. पावती मात्र मागा, आणि रिपोर्ट तुमच्या नावाने, सही-शिक्क्यासह.

घाटमाथा
तेच मी म्हणालो, ३० वर्षांचा सर्च. स्वस्तात मिळत नाही.

न्यूजर्सीची आत्या
जाहीर नोटिशीत वारसांचा उल्लेख नीट करायला सांगा. आमची नोटीस अशा वर्तमानपत्रात होती की ते छापून येतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

कर्वेनगरकर
सगळ्यांचे आभार. काल विकणाऱ्या मुलाला स्पष्ट विचारलं. बहिणीशी व्हिडिओ कॉल लावून दिला. ती हक्कसोडपत्राला तयार आहे, पण तिचं म्हणणं जरा थांबा, डिसेंबरमध्ये येते. तोवर टोकन द्यायचं नाही असं ठरवलं. एजंट रुसलाय.
वकिलाचं म्हणाल तर घरी चर्चा झाली. बायकोचे मामा साताऱ्याला वकील आहेत. बहुतेक मोटार अपघाताच्या केसेस बघतात, पण "कागद वाचायला काय लागतं" म्हणाले, आणि फी घेणार नाहीत. त्यांनाच द्यायचं ठरतंय. सासूबाईंचा शब्द आहे, मोडता येत नाही.

कागदीघोडा
मामांना काही बोलत नाही. पण हक्कसोडपत्राचा मसुदा पुण्यातल्या एखाद्या मिळकतीच्या वकिलाला तेवढा दाखवा. त्याच्या एका बैठकीला तुमचे १५ हजार लागणार नाहीत.

कर्वेनगरकर
मामांना वाईट वाटेल.

पेठी पुणेकर
मग सांगू नका.

रविवारचा वाचक
वरचं सगळं वाचलं नाही. बँक लोन देतेय म्हणजे टायटल क्लिअरच असतं, वकिलाला उगाच पैसे देऊ नका. बाकी फ्लॅट पूर्वाभिमुख आहे का? आणि पार्किंग स्टिल्टमधलं (बिल्डिंगखालच्या खांबांमधलं) असेल तर बिल्डरने ते "विकलं" असं कागदावर दाखवून वेगळे पैसे मागतील, देऊ नका. सुप्रीम कोर्टाने २०१०मध्येच सांगितलंय की ते वेगळं विकता येत नाही.

कर्वेनगरकर
पार्किंगचे ३ लाख वेगळे मागितलेत. आजच विचारतो.