प्लॅटिनमच्या धातुकाचेची अंगठी

प्रश्न : प्लॅटिनममध्ये तांबे, निकेल आणि फॉस्फरस मिसळून केलेल्या धातुकाचेच्या (काचेसारखी अणुरचना असलेल्या धातूच्या) अंगठीवर ओरखडे कमी उठतात, असे वाचले. ती पुढे सैल किंवा घट्ट करून मिळेल का?

उत्तर १ : अणूंची स्फटिकासारखी रांगेत मांडणी नसल्यामुळे ती कठीण असते, हे खरे. मात्र माप बदलण्यासाठी अंगठी कापून डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, लागणाऱ्या उष्णतेने तिच्यात स्फटिक तयार होऊन ती ठिसूळ होते. म्हणून माप आधीच नीट घ्यावे.

उत्तर २ : घडवणाऱ्याची मात्र चैन आहे. शुद्ध प्लॅटिनम १७६८ अंश सेल्सिअसला वितळते, तर वजनाने सुमारे ८५ टक्के प्लॅटिनम असलेला हा मिश्रधातू साडेपाचशेच्या आतच वितळतो आणि २७० अंशांच्या आसपास मऊ होऊन साच्यात दाबता येतो.

उत्तर ३ : निकेलची ॲलर्जी असल्यास कोबाल्टचे मिश्रण मागावे.