पुणे सिटी गेला तो पुणेकरांमुळे? साफ नामंजूर

खडकीचा_डावा_विंग

इंडियन सुपर लीगमधला आपला फुटबॉल क्लब, एफसी पुणे सिटी. त्याच्याबद्दल परवा एकाने लिहिलं, आणि खाली लोकांनी माना डोलावल्या: ‘एफसी पुणे सिटी हैदराबादला गेला कारण पुणेकर घरात बसून मँचेस्टर युनायटेड बघत होते. या शहराची क्लब सांभाळायची लायकीच नव्हती.’ वाचता वाचता चहा गार झाला. म्हणून हे लांबण.

लायकी कोणाची नव्हती ते बघू. 2014. मार्की, म्हणजे टीमचं पोस्टरवरचं मोठं नाव, म्हणून फ्रान्सचा त्रेझेगे. माणूस मोठा, वादच नाही, 2000 च्या युरो फायनलचा गोल्डन गोल त्याचा. पण बालेवाडीत, आपल्या क्लबच्या मैदानावर, आला तेव्हा सदतीस वर्षांचा. पुढच्या वर्षी मुटू, छत्तीस. 2016 ला गुड्यॉनसन, अडतीस, आणि तो तर एकही मॅच न खेळता दुखापत घेऊन परत, त्याच्या जागी सिसोको. तीन मोसम, तीन होर्डिंग. कोचही तीन: कोलोम्बा, प्लॅट, हाबास. दर वर्षी पाटी पुसायची आणि नव्याने श्रीगणेशा. तिन्ही वेळा सेमीफायनलच्या बाहेर.

मग 2017 ला कुणाला तरी अक्कल आली. होर्डिंग सोडा, याच लीगमध्ये गोल मारून दाखवलेले आणा. दिल्लीचा मार्सेलिन्यो आणला, आदल्या मोसमात 10 गोल, सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. नॉर्थईस्टचा अल्फारो आणला. गोलमध्ये विशाल कैथ, पंखावर आशिक कुरुनियन, कोच पोपोविच. चौथा नंबर, सेमीफायनल! आणि बक्षीस काय? पुढच्या मोसमात पोपोविच नाही. मिगेल आंखेल पोर्तुगाल आला, तीन मॅचमध्ये नारळ. प्रद्युम रेड्डींनी तात्पुरतं सांभाळलं, डिसेंबरात फिल ब्राउन. हल सिटीचा तोच ब्राउन, ज्याने 2008 ला मध्यंतरात पोरांना मैदानातच बसवून झापलं होतं.

7 मार्च 2018, बंगळुरूविरुद्ध सेमीफायनलच्या दोन मॅचेसपैकी पहिली, म्हणजे पहिला लेग. वडिलांना घेऊन गेलो होतो. आयुष्यभर खडकीत फुटबॉल खेळलेला माणूस, गुडघा गेलेला. बालेवाडीचं मैदान म्हणजे मध्ये धावण्याचा ट्रॅक, खेळाडू काडेपेटीएवढे. सगळं स्टेडियम मार्सेलिन्योकडे बघतंय आणि हे मला कोपराने ढोसतायत, “बॉल सोड. तो आदिल खान बघ. बॉल नसताना कुठं उभा राहतोय ते बघ.” नव्वद मिनिटं मी आदिल खान बघितला. मॅच 0-0. परत जाताना गाडीत म्हणाले, “टीम झाली रे यांची.” मोसमानंतर ती टीमच मोडायला घेतली. आणि लायकी आमची नव्हती?

ऑफसाइड_अप्पा

ते लिहिणारा मी नव्हे, पण मान डोलावणाऱ्यांत होतो, तेव्हा उत्तर देणं आलं. वडिलांचं वाचून बरं वाटलं. बाकी सगळं रडगाणं.

एक, मार्की खेळाडू ही तेव्हा लीगची अटच होती. हौस नव्हती. दोन, हाबास पहिल्याच वर्षी कोलकात्याला चॅम्पियन करून इकडे आलेला. ती पण चुकीची खरेदी? तीन, आणि हे तुम्ही शिताफीने गाळलंत: पुण्यातून एकच क्लब गेलेला नाही. पुणे एफसी गेला. भारत एफसी एका मोसमात गेला. डीएसके शिवाजियन्स गेला. मग पुणे सिटी. पुणे एफसीची खरेदी तर तुमच्या भाषेत आदर्श म्हणायची. डेरिक परेरासारखा शांत कोच, जेजे इथेच पुढे आला, अराता इझुमी, सुब्रत पाल, 2012-13 ला आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या जुन्या लीगमध्ये, दुसरा नंबर. तरी बंद. चार मालक, चार पद्धती, निकाल एक. सामायिक काय? शहर.

पुणे एफसीच्या मॅचेसना मी असायचो. माझ्या स्टँडमध्ये जितकी माणसं, त्याहून जास्त आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला येतात. प्रसाद संपल्यावरही.

सदाशिवपेठी

सत्यनारायण सोसायटीच्या खाली असतो हो अप्पा, बालेवाडीसारखा म्हाळुंग्याच्या वेशीवर नसतो.

मॅच रात्री आठला. सुटते दहाला. मी एकदा शेवटची बस आहे या भरवशावर गेलो. बस नव्हती. हायवेपर्यंत चालत आलो, तिथे एका रिक्षावाल्याने शनिपारचे जे पैसे सांगितले त्यात मी सहकुटुंब महाबळेश्वरला जाऊन आलो असतो. रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं, यापुढे फुटबॉल टीव्हीवर. त्रेझेगे सदतीसचा असो नाहीतर सतराचा, मला घरी कोण सोडणार?

खडकीचा_डावा_विंग

अप्पा, अट सगळ्यांनाच होती. चेन्नईने त्याच अटीत एलानो आणला आणि पहिल्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक, 8 गोल त्याचे. दिल्लीचा मालुदा टीम ओढून न्यायचा. आपल्याच वाट्याला निरोप समारंभवाले का येतात?

हाबासला मी नावं ठेवलीच नाहीत. ठेवली ती एका मोसमाच्या संसाराला. तोच माणूस 2019-20 ला पुन्हा कोलकात्याला चॅम्पियन करून मोकळा झाला.

रंकाळ्याचा_नाद

काय लावलंय मंडळी हे, आदिल खान आणि एलानो. पुण्यात फुटबॉल रुजलाच नाही, एवढं सरळ बोला की. आमच्याकडं या शाहू स्टेडियमवर. पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब अशी मॅच असली की दुपारपास्नं गावात बाकी काम नाही. शिवाजी तरुण, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, सगळ्या पेठापेठांच्या तालमी, त्यांचेच क्लब. पोरगं चालायला लागायच्या आधी त्याला क्लब असतोय. मार्की बिर्की कोण विचारतंय? 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात अनिकेत जाधव खेळला, तो कुठला? कोल्हापूरचा! तुमच्या आयटीवाल्यांनी काढला का एक तरी असला?

ऑफसाइड_अप्पा

हेच म्हणतोय मी. धन्यवाद.

कॅम्पातला_जुना

धन्यवाद कसले? कोल्हापूरकर भावा, नाद आम्हाला मान्य, पण पुण्यात फुटबॉल रुजला नाही हे कोणी सांगितलं तुला? कोथरूडला नसेल रुजला. कॅम्प, खडकी, घोरपडी इथे तीन तीन पिढ्या खेळल्यात. डेक्कन इलेव्हन, शिवाजियन्स ही नावं लीगवाल्यांच्या जन्माच्या आधीची. एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर मी स्वतः चिखलात खेळलोय, एका बुटात खिळे, दुसऱ्यात नाही. पण पुणे सिटीची जाहिरात कुठे दिसायची? मॉलमध्ये. सहमालक हृतिक रोशनचा फोटो. आमच्या गल्लीत एक कागदसुद्धा चिकटला नाही. ज्या पोराच्या पायात बॉल आहे त्याला सोडून पॉपकॉर्न खाणाऱ्याच्या मागे लागले, मग तो पॉपकॉर्न संपल्यावर गेला.

आणि मैदानांचं बोला की. आमच्या घरामागे पोरं ज्या मोकळ्या जागेत खेळायची तिथे आता वर्षातले सहा महिने लग्नाचा मांडव. मांडव निघाला की खड्डे. ॲस्ट्रोटर्फवर जा म्हणतात. तासाचे पैसे भरून. दहा पोरं वर्गणी काढतात, अकरावा बाहेर उभा राहून बघतो.

रंकाळ्याचा_नाद

मैदान आमच्याकडं पण एकच हाय. रडत न्हाई आम्ही.

कॅम्पातला_जुना

रडत नाही, हाणामारी करता. पेठेवर पेठ. दगड आमच्याकडे नाही पडत मॅचला.

रंकाळ्याचा_नाद

दगड पडायला आधी माणूस यावा लागतोय.

सदाशिवपेठी

हे वाक्य फ्रेम करून बालेवाडीला लावा.

ऑफसाइड_अप्पा

रंकाळावाले, एक शंका. तालमीची निष्ठा, मातीतली पोरं वगैरे ठीक. पण तुमच्या या तालमीही नायजेरियाहून, घान्याहून खेळाडू आणतात ना? मोसमापुरते? मग डाव्या विंगांचं मार्कीपुराण तुम्हालाही लागू.

रंकाळ्याचा_नाद

आणत्यात. खोटं कशाला बोलू. आणि मला ते पटत न्हाई, आमच्या कट्ट्यावर यावरनंच माझं आणि मेव्हण्याचं वर्षभर बोलणं बंद होतं. तो म्हणायचा कप पायजे. मी म्हणायचो आपल्या पेठेतलं पोरगं बाकावर बसवून कप काय चाटायचाय? पण फरक सांगतो. आमच्याकडं आलेला परदेशी पण पेठेत राहतोय, आमच्याच कट्ट्यावर मिसळ खातोय. दुसऱ्या दिवशी दुकानात गेला की म्हातारी त्याला विचारती, काल ती पेनल्टी का रं घालवलीस? त्रेझेगेला विचारलं असतं का कोणी शनिपारावर?

सदाशिवपेठी

शनिपारावर आम्ही कोणालाही विचारतो. तो आला नाही हा त्याचा दोष.

मिडफिल्ड_मावशी

दोन दिवस वाचतेय. सगळे पुरुष आणि सगळ्यांचे गुडघे. माझी भाची बारा वर्षांची आहे, बॉल उजव्या-डाव्या दोन्ही पायांनी मारते. गेल्या वर्षी एका अकादमीत घातली, नाव घेत नाही. फी वर्षाची आगाऊ, बॅगवर परदेशी क्लबचा शिक्का, आणि मुलींची बॅच ‘संख्या झाली की सुरू करू’. संख्या झालीच नाही. पैसे मागितले तर म्हणाले पुढच्या बॅचला वळते करू. तेव्हा खरेदी-बिरेदी बोलताय ना, जरा खालपासून बोला. विशाल कैथ, छांगते ही पोरं पुण्याच्या क्लबांत होती. कैथ पुढे मोहन बागानकडून चॅम्पियन झाला, छांगते मुंबईकडून. आपण काय केलं? स्टेशनातल्या हमालासारखं सामान उचललं आणि दुसऱ्याच्या गाडीत ठेवलं.

ऑफसाइड_अप्पा

मावशी, सामान ठेवायला आपली गाडीच राहिली नाही, हाच तर मुद्दा. गाडी का राहिली नाही? 2018 च्या सप्टेंबरनंतर गृहकर्जवाल्या कंपन्यांचं जे झालं त्यात पुणे सिटीच्या मालकांचा, वाधवानांचा समूह अडकला. शिवाजियन्सवाल्या बिल्डर डीएसकेंचं काय झालं ते पुण्यात कोणाला सांगायला नको. मालकाचा मूळ धंदा बसला की क्लब पहिला विकायचा. आणि मालकाला थांबायला भाग पाडेल इतकी गर्दी आपण केली नाही. झालं. यात आदिल खान कुठे उभा होता याने फरक पडत नाही.

खडकीचा_डावा_विंग

बरं अप्पा. मग हैदराबाद घ्या. आपलीच पोरं नेली: मार्सेलिन्यो, आदिल, निखिल पुजारी. ब्राउनसकट. पहिल्या मोसमात तळाला. मग कोच मानोलो मार्केझ आणला आणि त्याला राहू दिलं. नावं बघून नाही, पोरं बघून टीम बांधली. 2021-22 ला चॅम्पियन, केरळला पेनल्टीवर हरवून. पुजारी होता त्या टीममध्ये. मी घरी एकटाच टाळ्या वाजवत होतो आणि बायको विचारतेय, आपलं काय त्यात? हे बालेवाडीत होऊ शकलं असतं.

ऑफसाइड_अप्पा

याचीच वाट बघत होतो. चॅम्पियन झाले, आणि पुढे? पैसे संपले, टीम फुटली, 2025 ला क्लब दिल्लीला. म्हणजे खरेदी नीट, कोच नीट, कप हातात, तरी क्लब गेलाच. तुमचा सिद्धांत तुमच्याच उदाहरणात बुडाला की हो!

सदाशिवपेठी

पुण्याहून निघाला, दिल्लीला पोचला. झेलममध्ये बसलाय बहुतेक. पुढचं स्टेशन जम्मू.

खडकीचा_डावा_विंग

(तासाभराने लिहितोय, मुद्दाम.)

ठीक. चांगली खरेदी केली म्हणून क्लब जगतोच असं नाही, हे मान्य. दात-ओठ खाऊन मान्य. पण अप्पा, तुमचाही त्यात पाय अडकला. चॅम्पियन करूनही क्लब हलला, म्हणजे आता हैदराबादकरांचीही लायकी नाही म्हणायची? उद्या दिल्लीहून हलला की दिल्लीकरांचीही? शहरामागून शहर नालायक निघतंय आणि फक्त वरचे लोक लायक?

ऑफसाइड_अप्पा

‘लायकी’ हा शब्द माझा नव्हता. मी मान डोलावली होती. ती मागे घेतो, हवं तर आडवी डोलावतो. गर्दी कमी होती हे मात्र सोडणार नाही.

कॅम्पातला_जुना

गर्दी कमी होती. लिहून देतो. मीही पाचच मॅचेसना गेलो पाच वर्षांत. कॅम्पातून बालेवाडी म्हणजे मुलगी बघायला गेल्यासारखं, अख्खा दिवस जातो. पण ते 0-0 मी पण बघितलंय. दुसऱ्या लेगला बंगळुरूत छेत्रीने तीन मारले, आपल्या लुक्काची एक फ्रीकिक, 3-1. त्या रात्री आमच्या गल्लीत चार टीव्हींवर तीच मॅच होती. युनायटेड नव्हतं.

मिडफिल्ड_मावशी

भाचीला कुठे घालू ते कोणीच सांगितलं नाही.

कॅम्पातला_जुना

मावशी, रविवारी सकाळी साडेसहाला एसएसपीएमएसच्या फाटकाशी आणा. आमची म्हातारी गँग खेळते, दोन मुली येतात आधीपासून. फी नाही. फक्त आमच्या गुडघ्यांवर हसायचं नाही.

रंकाळ्याचा_नाद

आणि बाकीच्यांनी एकदा कोल्हापूरला या. भांडान मिटलं न्हाई तरी चालंल. तिकीट, तांबडा-पांढरा, सगळं माझ्याकडं. डाव्या विंगा, वडिलांना घेऊन ये, बॉल सोडून दुसरं काय बघायचं ते आमच्या पोरांना सांगू देत.

खडकीचा_डावा_विंग

आणतो. गुडघ्याचं बघावं लागेल, पायऱ्या किती आहेत?

सदाशिवपेठी

पायऱ्यांचं नंतर. पार्किंग कुठे आहे?