मदत हवी आहे: साल्हेरच्या विकिपीडिया लेखावर अनामिक संपादकाशी बोलायचं कसं?

मंडळी, मराठी विकिपीडियावर नियमित लिहिणारं कुणी इथे असेल तर प्लीज मार्ग सुचवा. मी नाशिकची, किल्ल्यांवरचे लेख जमेल तसे नीट करत असते, म्हणजे संदर्भ टाकणं, शुद्धलेखन, फोटो वगैरे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, त्यात आपल्या बागलाणातला साल्हेर पण आहे. तेव्हापासून लोक ही पानं बघायला लागलेत, जे व्हायलाच हवं होतं.

आता अडचण सांगते. साल्हेरच्या लेखात कुणीतरी लॉगिन न करता येतं आणि दोन गोष्टी बदलून जातं. एक म्हणजे उंची. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सर्वात उंच किल्ला, आणि शिखर म्हणून कळसूबाईनंतर (१६४६ मीटर) दुसरा, असं वाक्य आहे, तर त्यातलं कळसूबाई काढून थेट "महाराष्ट्रातील सर्वोच्च ठिकाण" असं करतात. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची आहे, १६७२ ची लढाई. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी चालून गेले आणि वेढा घालून बसलेल्या मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, सूर्यराव काकडे तिथे पडले, हे सगळं आहे, त्यावर वाद नाही. पण मोगलांचे किती मारले गेले तो आकडा दर वेळी वाढतो, संदर्भ काहीच नाही, आणि आकडा बदलताना तिथला संदर्भ पण पुसला जातो. तोच संदर्भ खाली आणखी दोन ठिकाणी वापरलेला असल्याने पानाच्या तळाशी लाल अक्षरात चूक दिसायला लागते, वाचणाऱ्याला वाटतं की सगळा लेखच असातसा आहे.

मी बदल उलटवते, कारण लिहिते, चर्चा पानावर पण लिहिलंय. उत्तर शून्य. एकदा फक्त संपादनाच्या सारांशात आलं, "तुम्ही कधी आलात का साल्हेरला". मी गेलेय हो, पण त्याचा इथे काय संबंध.

आणि हे महत्त्वाचं आहे म्हणून सांगते, हा माणूस (किंवा बाई, माहीत नाही) उत्पात करणाऱ्यातला मला वाटत नाही. मधेच एकदा वाघांबे गावाकडून वर जाणारी वाट अशी काही सुंदर लिहिली की बास, साल्हेर आणि शेजारच्या सालोटा किल्ल्यामधल्या खिंडीत कसं पोचायचं, पावसाळ्यात कुठे जपायचं, उन्हाळ्यात पाण्याचं काय, हे त्या गावातलाच किंवा वर्षानुवर्षं तिथे जाणाराच लिहू शकतो, पुस्तकात बसून नाही येत ते. तो मजकूर मी मुद्दाम ठेवलाय. म्हणून मला ब्लॉक वगैरे नकोय. मला त्यांच्याशी बोलायचंय. पण आधी नावाच्या जागी आयपी (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) दिसायचा आणि तो बदलायचा, आता टिल्ड (~) आणि वर्षाने सुरू होणारं तात्पुरतं खातं दिसतं, तेही बदलतं, मग निरोप ठेवायचा कुणाच्या पानावर? माझ्याकडून रोज उलटवाउलटवी झाली तर तेही नियमात बसत नाही ना?

प्रतिसाद १

ताई, सरळ प्रचालकांना (विकीचे ॲडमिन) सांगा आणि पान अर्धसुरक्षित करून घ्या, म्हणजे नवीन आणि लॉगिन न केलेले लोक बदल करू शकणार नाहीत. विषय संपला. महाराजांशी संबंधित पानांवर हे होतच राहणार, तुम्ही एकट्या किती पुरणार.

प्रतिसाद २

अर्धसुरक्षित केलं की वाघांब्याची वाट लिहिणारा पण बाहेरच राहील, धागाकर्तीला नेमकं तेच नकोय, मला तरी असं वाटतं.

तात्पुरत्या खात्याबद्दल, ते ब्राउझरच्या कुकीवर (ब्राउझरने साठवलेली छोटी नोंद) चालतं आणि जास्तीत जास्त ९० दिवस टिकतं, कुकी पुसली किंवा दुसऱ्या फोनवरून आलं की नवीन नाव. पण आयपीपेक्षा एक फायदा आहे, या खात्याला नोटिफिकेशन जातं. म्हणजे बदल झाल्या झाल्या त्याच खात्याच्या चर्चा पानावर लिहा, जुन्या नावावर लिहून उपयोग नाही. आणि छापील साच्यातला इशारा टाकू नका, दोन ओळी हाताने लिहा, आधी वाटेच्या मजकुराबद्दल आभार माना आणि मग आकड्याचं विचारा. दुसरं, आकडा असलेल्या ओळीत संपादकालाच दिसेल अशी लपवलेली टीप ठेवा, वाचकाला दिसत नाही पण जो ती ओळ बदलायला उघडेल त्याच्या डोळ्यासमोर येते, निदान कोडमध्ये संपादन करणाऱ्याच्या तरी.

उलटवण्याचं म्हणाल तर इंग्रजी विकीवर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवू नये असा स्पष्ट नियम आहे. आपल्याकडे पण तेवढंच पाळा, घाई कशाला, लेख कुठे पळून जात नाही. अख्खा बदल उलटवण्यापेक्षा फक्त आकडा आणि संदर्भ परत ठेवा, बाकी राहू द्या.

प्रतिसाद ३

आकड्याबद्दल बोलतो, थोडा बखरींचा नाद आहे. मुळात एकच आकडा खरा म्हणून लेखाच्या आवाजात लिहूच नका. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली ती राजाराम महाराज जिंजीला असताना, म्हणजे लढाईनंतर दोन दशकं उलटून गेल्यावर, आणि आपल्या बाजूने लिहिलीये. बखरीतला आकडा द्यायचा तर "सभासद बखरीनुसार" असं त्याच वाक्यात यायला हवं, नंतरच्या इतिहासकाराचा वेगळा असेल तर तो त्यांच्या नावाने शेजारी. वाढवून लिहिणाऱ्याला पण मग कळतं की इथे आपल्या मनाचं नाही चालत, कुणी म्हटलंय ते दाखवावं लागतं. साल्हेरचा विजय मोठाच आहे, मोगलांशी समोरासमोर मैदानात मिळवलेला, त्याला फुगवलेल्या आकड्याची गरजच नाही.

उंचीवर मात्र माघार नको, कळसूबाई ७९ मीटरने उंच आहे, त्यात मत कसलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. प्रतिसाद १, तुमची काळजी पोचली, पण सुरक्षित करणं मी शेवटचा उपाय म्हणून ठेवते. लेखात लढाईचं वाक्य कुणी म्हटलं त्याच्या नावासकट नव्याने लिहिते, लपवलेली टीप टाकते, आणि पुढचा बदल दिसला की त्याच खात्यावर हा निरोप ठेवते, बघा बरोबर वाटतो का:

"नमस्कार, वाघांब्याच्या वाटेचा मजकूर तुम्ही लिहिला असेल तर मनापासून आभार, असं लिहिणारे कमी आहेत. लढाईचा आकडा तुम्ही कशावरून घेतलात ते सांगाल का? पुस्तकाचं नाव आणि पान मिळालं तर मी स्वतः लेखात टाकते. उत्तर इथेच दिलं तरी चालेल, खातं उघडायची सक्ती नाही."

आणि एक विनंती, कुणाकडे सभासद बखरीची छापील प्रत असेल तर साल्हेरच्या लढाईचा भाग कुठल्या पानावर आहे ते आवृत्ती आणि प्रकाशन वर्षासकट कळवा. माझ्याकडे पीडीएफ आहे पण त्याची पहिली पानंच गायब आहेत, त्यामुळे आवृत्ती कळत नाही आणि तसा अर्धवट संदर्भ मला लेखात टाकायचा नाहीये.