बेस एक्सेस (उणे म्हणजे रक्तात आम्ल जास्त) -११, पण बाळ मस्त आहे. बायकार्ब (आम्ल मारणारं सोडियम बायकार्बोनेट) द्यायचं का?

रेसिडेंट_धंतोली
३१ आठवड्यांचं, १३०० ग्रॅमचं बाळ, दुसरा दिवस. सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा) आहे, एफआयओटू (दिलेल्या हवेतला ऑक्सिजन) २५ टक्के, सॅच्युरेशन ९२. श्वास ४८, छाती ओढत नाही, लघवी होतेय. पहाटेचा आर्टेरिअल गॅस (धमनीतल्या रक्ताची तपासणी): पीएच ७.३७, पीसीओटू (रक्तातला कार्बन डायऑक्साइड) २२, बायकार्ब १२.६, बेस एक्सेस -११, लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं) १.४. कॉम्पेन्सेटेड मेटाबॉलिक ॲसिडोसिस (वाढलेलं आम्ल शरीराने श्वास वाढवून सावरलेलं) वाटतोय. सर राउंडला यायला वेळ आहे. करेक्शन सुरू करू?

इन्चार्ज_सिस्टर
थांबा ना डॉक्टर, एवढी घाई काहून? त्याच गॅसच्या चिठ्ठीवर खाली हिमोग्लोबिन असेल, ते कालच्या सीबीसीशी (रक्तपेशींची तपासणी) ताडून पहा. आयनाइज्ड कॅल्शियमही पहा. दोन्ही घसरले असतील तर सॅम्पलमध्ये हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) जास्त गेलंय.

नवीन पोरं २ एमएलच्या सिरिंजमध्ये व्हायलमधून हेपरिन ओढतात अन् पिस्टन नीट दाबून काढतच नाहीत. मोठ्या माणसाच्या २ एमएल रक्तात ते खपून जातं. आपण घेतो जेमतेम अर्धा एमएल. त्या हेपरिनच्या पाण्यात ना कार्बन डायऑक्साइड, ना बायकार्ब. दोन्ही आकडे सोबतच उतरतात, पीएच मात्र जागेवर. म्हणून चिठ्ठी इतकी साळसूद दिसते. अन् खरंच पीसीओटू २२ वर न्यायचा तर बाळ धापा टाकत असतं, ४८ वर नसतं राहिलं. (मे महिन्यात सॅम्पल टेबलावर विसरलं की लॅक्टेट चढतं, तो आणखी वेगळा तमाशा.)

निओ_रामदासपेठ
सिस्टरशी सहमत. खरा ॲसिडोसिस असता तर पीसीओटू बायकार्बच्या, म्हणजे १२.६ च्या, दीडपट अधिक ८ म्हणजे २७ हवा, दोन इकडेतिकडे. २२ त्यात बसत नाही. सूत्र मोठ्यांचं आहे, त्यामुळे नवजातात फार ताणू नका, पण शंका यायला पुरे. बायकार्बची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची दाटी) जबरदस्त. या वयात भरभर दिलं तर मेंदूत रक्तस्रावाची भीती. पुन्हा सॅम्पल घ्यायचं तेही जपून, या बाळाचं सगळं रक्त ११०-११५ एमएल.

रेसिडेंट_धंतोली
चिठ्ठीवर एचबी (हिमोग्लोबिन) ११.५, सीबीसीत १६.८! कोरड्या हेपरिनच्या सिरिंजमध्ये परत पाठवला: पीएच ७.३४, पीसीओटू ३६, बायकार्ब १९, बेस एक्सेस -६. आता या -६ चं काय करू?

निओ_रामदासपेठ
काही नाही. प्रीटर्मची (वेळेआधी जन्मलेल्या बाळाची) किडनी बायकार्ब धरून ठेवत नाही, दुसऱ्या दिवशी १९ चालतं. फीड वाढवा.

इन्चार्ज_सिस्टर
अन् ट्रेमधल्या हेपरिन भरून ठेवलेल्या सिरिंजा आधी फेकायला सांगा बाप्पा, नाहीतर नाइट ड्यूटीवाला परत तेच करते.