गेस हू चे जुने ४५ चे सिंगल्स, मदत हवी आहे

मंडळी, कॅनडात विनिपेगला राहायला आल्यापासून इथल्याच गेस हू बँडच्या पहिल्या काळातल्या सिंगल्स (४५ आरपीएमच्या छोट्या रेकॉर्ड्स) जमवायचा नाद लागलाय, म्हणजे बर्टन कमिंग्ज यायच्या आधीच्या, चॅड अ‍ॅलन गात होता तेव्हाच्या. १९६५ चं 'शेकिन ऑल ओव्हर' माझ्याकडे अमेरिकेच्या सेप्टर या रेकॉर्ड कंपनीचं आहे, पण मला हवीय ती कॅनडातली क्वालिटी रेकॉर्ड्सची कॉपी. क्वालिटीने तेव्हा बँडचं खरं नाव लपवून रेडिओवाल्यांना नुसतं 'गेस हू?' छापून रेकॉर्ड पाठवली होती आणि तेच नाव पुढे कायमचं चिकटलं, त्यामुळे ती प्रश्नचिन्हवाली कॉपी हातात घ्यायची फार इच्छा आहे.

आता एक जण ती विकतोय, फोटोत मधलं कागदी लेबल पांढरं दिसतंय. ती रेडिओसाठीचीच प्रत आहे हे कसं ओळखायचं? लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले आकडे मागवून घेऊ का, अजून काय विचारू? आणि साठ वर्षांची धूळ खाचांत बसलेली असते ती लेबल न भिजवता कशी काढता तुम्ही? कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, रविवारपर्यंत त्याला उत्तर द्यायचंय.