मदत हवी आहे: क्यूजीआयएसचा अख्खा नकाशा एकाच फाईलमध्ये कसा बांधायचा?

जांबोटीकर
मंडळी, खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या विहिरी, तळी आणि झऱ्यांचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतोय. प्रत्येक ठिकाणाचं नाव मराठी आणि कन्नड दोन्हींत, कारण पंचायतीचे कागद कन्नडात आणि गावातली माणसं बोलणार मराठी. एकूण अकरा लेयर (नकाशाचे थर), सगळ्या शेपफाईल, म्हणजे एकेका थरासाठी .shp, .dbf अशा अनेक फाईलींचा संच.

निपाणीचा मित्र तपासणार आहे. आधी त्याला नुसत्या .shp पाठवल्या, त्या उघडल्याच नाहीत. मग प्रोजेक्टची .qgz फाईल पाठवली, तर सगळ्या लेयर लाल. शेवटी पेनड्राइव्हवर फोल्डर दिलं, त्यानं शेपफाईल त्याच्या क्यूजीआयएसमध्ये ओढून टाकल्या आणि मी आठवडाभर बसून केलेले रंग, लेबलं सगळं गायब. झरे गुलाबी दिसत होते म्हणे!

डेटा आणि स्टाइल मिळून एकच फाईल देता येते का? आणखी एक, 'विहिरीचे_नाव' हा कॉलम त्याच्याकडे नुसता 'विह' दिसतो. असं का?

नकाशेवाला
आधी 'विह'चं. शेपफाईलच्या .dbf मध्ये, म्हणजे माहितीचा तक्ता ठेवणाऱ्या फाईलमध्ये, कॉलमच्या नावाला 10 बाइट मिळतात. युटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं, वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. व, ि, ह झाले की जागा संपली. आणि .qgz ही झिप असली तरी तिच्यात प्रोजेक्ट असतो, डेटा नसतो. डेटाचा फक्त पत्ता असतो, तोही तुमच्या मशीनवरचा.

जिओपॅकेजवर या. .gpkg म्हणजे आतून एसक्यूलाइट डेटाबेस, कॉलमच्या नावाची ही कटकट नाही. प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये 'पॅकेज लेयर्स' शोधा, अकराही लेयर निवडा आणि स्टाइल सेव्ह करायच्या पर्यायावर टिक आहे ना ते बघा. स्टाइल आतल्या 'layer_styles' टेबलात जातात. कापलेली नावं मात्र आपोआप परत येणार नाहीत, ती हातानं बदला.

इथंच बरेच जण फसतात: तुमचा उघडा प्रोजेक्ट अजूनही जुन्या शेपफाईलकडेच बघत असतो. नवा प्रोजेक्ट उघडून .gpkg मधल्या लेयर आत घ्या, रंग-लेबलं सोबत येतील. गट, लेयरचा क्रम आणि प्रिंट लेआउट पुन्हा लावावे लागतील, ते स्टाइलमध्ये नसतात. मग प्रोजेक्ट मेनूतून 'सेव्ह टू', 'जिओपॅकेज', तीच फाईल.

जांबोटीकर
जमलं की हो! पण विहिरीचं चिन्ह मी स्वतः काढलेलं एसव्हीजी, म्हणजे वेगळ्या फाईलमधलं चित्र, होतं. मित्राकडे तिथं प्रश्नचिन्ह दिसतंय. कन्नड लेबलांच्या जागी चौकोन. आणि काल रात्री भरलेल्या वीसेक विहिरी त्याच्या फाईलमध्ये नाहीतच.

नकाशेवाला
चिन्हाच्या पाथशेजारच्या बाणात 'एम्बेड फाईल' आहे, ते करून स्टाइल आणि प्रोजेक्ट दोन्ही पुन्हा सेव्ह करा. फॉन्ट त्याला वेगळा पाठवा, तो फाईलसोबत जात नाही.

विहिरींचं: फाईल कॉपी केली तेव्हा क्यूजीआयएस चालू होतं ना? शेजारी -wal आणि -shm अशा दोन फाईली दिसल्या असतील. ताजे बदल आधी -wal मध्ये साठतात. क्यूजीआयएस बंद करा, त्या दोन्ही नाहीशा झाल्या की मगच .gpkg उचला. त्या हातानं डिलीट मात्र करू नका, नाहीतर तुमच्याकडच्याही विहिरी जातील.

सीमाभागवासी
मध्येच घुसतो. खाली 48 आय क्रमांकाचा स्कॅन केलेला टोपोशीट (सरकारी भूनकाशा) लावला असेल तर तो 'पॅकेज लेयर्स'मध्ये येणार नाही, ते फक्त व्हेक्टर, म्हणजे बिंदू-रेषा-आकारांचे थर, घेतं. रास्टर, म्हणजे स्कॅनसारखं चित्र, जिओपॅकेजमध्ये घालता येतं, पण मी तरी तो स्कॅन जिओटिफ या चित्रफाईलमध्ये वेगळाच देतो. विहिरी तपासायला रोज एवढं वजन कशाला वाहायचं?

जांबोटीकर
होय की, टोपोशीट काढला. सगळं बंद करून एकच फाईल पाठवली. चिन्हं आली, फॉन्ट टाकल्यावर कन्नडही आलं, झरे निळे आहेत. अर्ध्या तासात मित्राचा फोन: देवळामागची एक विहीर मी दोनदा नोंदवलीय, एकदा मराठी नावानं, एकदा कन्नड.